साहेबांना सुतक येतं का?

माझी एक खोड आधीच सांगून टाकते. कुठल्याही आडनावाच्या शेवटी 'कर' ऐकू आलं की माझे कान टवकारतात. मग तो माणूस इंग्रज असो, जर्मन असो, नाहीतर दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक असो. मी मनातल्या मनात 'कर' बाजूला काढते आणि उरलेलं गाव कोकणात कुठे बसतंय का ते बघते. दुबईत चौदा वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. नवऱ्याला तर हा विषय आयताच सापडलाय. "जोकर कुठले गं? जो बुद्रुकचे? आणि आपला प्रेशर कुकर? मूळ गाव कुक, तालुका संगमेश्वर!" असं म्हणून तो स्वतःच खो खो हसतो. मी लक्ष देत नाही.

तर आमच्या ऑफिसात एक अमेरिकन आला. मी एका बांधकाम सल्लागार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे नकाशे, पत्रं, मंजुऱ्या या सगळ्यांवर नंबर घालून ती जागच्या जागी ठेवायची, हे माझं काम. अमेरिकन प्रोजेक्ट मॅनेजर होता. साडेसहा फूट उंच, दारातून येताना मान खाली घालणारा. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर तोच सॉरी म्हणायचा. आणि आडनावाच्या शेवटी? कर. त्याचं आडनाव मी इथे लिहीत नाही, पण 'कर' काढल्यावर जे उरतं ते रत्नागिरीकडच्या एका छोट्याशा गावाचं नाव आहे. पहिल्याच दिवशी ओळखपत्रावर मी ते दोनदा वाचलं होतं. पण नवीन साहेबाला एकदम 'तुम्ही कुठले?' असं कसं विचारणार?

तो योग प्रिंटरने आणला. प्रिंटर माझ्या टेबलाच्या मागेच आहे आणि त्यातून निघणारा प्रत्येक कागद मी वाचते. कुणी त्याला भोचकपणा म्हणेल. एका सकाळी त्यातून एका जुन्या हस्तलिखिताची प्रत निघाली आणि सोबत तोच मजकूर टाइप केलेला कागद. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या कितीतरी आधीच्या, इंग्रजांच्या वसाहतीतल्या कोर्टाचा तो कागद होता. वर ठळक अक्षरात साहेबाचं आडनाव, आणि त्याला लागूनच 'ईस्ट इंडिया मॅन'. खाली हकिगत. हा ईस्ट इंडियाचा माणूस सात वर्षांच्या कराराने घरकामाला आणला होता. सात वर्षं संपली तरी मालक सोडेना, तेव्हा तो एक पितळेचं भांडं घेऊन पळाला. सापडला. मग त्याने कोर्टात उलटा मालकावरच दावा लावला आणि तिथे इतका वाद घातला, इतका वाद घातला, की कारकुनाने शेवटी लिहून ठेवलंय, हा इसम बोलायचा थांबत नाही.

मी खुर्चीतून उठलेच. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, पळताना तांब्या घेऊन पळाला आणि पकडल्यावर कोर्टात गेला! अजून काय पुरावा पाहिजे? हा कोकणातलाच.

"तुमचा कागद," असं म्हणत मी साहेबाच्या केबिनमध्ये गेले आणि बाहेर आले ती पाऊण तासाने. त्याने मला सगळं सांगितलं. त्याची आई ब्याण्णव वर्षांची आहे, तिकडे एका गावात वृद्धांच्या घरात राहते. भावंडं गेली, मैत्रिणी गेल्या, नवरा कधीच गेला. हा एकुलता एक, त्यालाही मूलबाळ नाही. नवऱ्याचं घराणं हेच ती आपलं घराणं मानत आली होती, आणि त्या घराण्यात एक गोष्ट चालत आली होती की आपला मूळपुरुष इंडियन होता. सगळे धरून चालले की तिकडचा मूळ रहिवासी इंडियन. आता हा कागद मिळाला तर तो ईस्ट इंडिया म्हणतोय. आईने त्याला एकच गोष्ट मागितली होती. वाढदिवसाला मला भेटवस्तू नको, आपण कोण, कुठले ते सांग. ते कळल्याशिवाय मला जायचं नाही. वाढदिवसाला दोन महिने होते.

"जुने कागद शोधून देणाऱ्या एका बाईंना काम दिलंय," तो म्हणाला. "पण त्या फार सावकाश शोधतात."

"त्यांची गरजच नाही," मी म्हणाले. "तुमचं गाव मला माहीत आहे."

आता वाटतं, जीभ तिथेच चावायला हवी होती. पण तो असा बघत होता माझ्याकडे! एवढा मोठा माणूस आणि डोळ्यांत पाणी. मग माझीही गाडी सुटली. 'कर' म्हणजे काय, गावाला 'कर' कसा लागतो, तांब्या म्हणजे काय, सगळं फळ्यावर लिहून समजावलं. फळ्यावर प्रकल्पाचं वेळापत्रक होतं, त्याच्यावरच लिहिलं, त्यामुळे दुपारच्या मीटिंगमध्ये कंत्राटदाराच्या लोकांनी 'तांब्या' हा कुठला नवीन टप्पा आहे म्हणून विचारलं.

घरी सांगितलं तर नवऱ्याने कपाळावर हात मारला. मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, दॅट इज सो नॉट हाऊ इट वर्क्स." ही शाळेत फ्रेंच शिकते आणि आईला शहाणपण शिकवते. मी म्हटलं, गप्प बस आणि भाजी खा.

त्याच आठवड्यात आमचं सिंक तुंबलं. अल बर्शातल्या आमच्या इमारतीत नळाचं काम करायला एक दादा येतात, पंचेचाळिशीचे. स्वतः अजमानला गावच्याच पाच जणांबरोबर एका खोलीत राहतात आणि रोज शारजाच्या ट्रॅफिकमधून इकडे येतात. गाव कुठलं? तेच. 'कर' काढल्यावर उरणारं. इतकी वर्षं ते माझं सिंक मोकळं करतायत आणि त्यांचं आडनाव मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मला एवढी खात्री होती!

दादा सिंकखाली झोपून पाइप खोलत होते. मी त्यांच्या पायांशी बोलत होते. साहेबाचं आडनाव सांगितलं. पाना थांबला.

"आमच्यातला?" सिंकखालून आवाज आला.

"तीनशे वर्षांपूर्वी गेलेला."

दादा सरपटत बाहेर आले. तोंडाला काळं लागलेलं. घाबरल्यासारखे माझ्याकडे बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हिस्सा मागतोय काय?"

"अहो, कसला हिस्सा! त्याला फक्त गाव पाहिजे."

"गाव पाहिजे?" दादा अजूनच घाबरले. "अख्खा?"

मी सगळं नीट समजावलं. त्यांना ते पटलं असं वाटत नाही, कारण सिंक तसंच उघडं टाकून ते गच्चीवर फोन करायला गेले. आम्ही दोन दिवस बाथरूममध्ये भांडी घासली. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला आणि मी किंचाळले.

गावात भावकीतले सगळ्यांत थोरले एक आबा होते, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या ट्रंकेत घराण्याची वंशावळ होती. जुनी मोडीतली, तिच्यावरून आबांनी तरुणपणी बाळबोधीत उतरवून घेतलेली. त्या कागदावर वरून तिसऱ्या ओळीत पाच भाऊ. चौघांच्या खाली फांद्याच फांद्या. पाचव्याच्या खाली नुसता एक शब्द लिहिलेला, 'परागंदा'.

परागंदा! म्हणजे देशोधडीला लागलेला, कुठे गेला कुणाला ठाऊक नाही असा. मी तो फोटो नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"प्रत्येक वंशावळीत एक परागंदा असतोच," तो शांतपणे म्हणाला. "आमच्यात मी आहे. अल बर्शाला असतो."

पण साहेबाला तो शब्द जाम आवडला. दिवसभर ऑफिसात 'परा-गांडा, परा-गांडा' करत हिंडला. मला चार वेळा उच्चार सुधारून द्यावा लागला, कारण तो चुकला तर काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. आईला त्याने फोटो पाठवला. ती म्हणे तो मोठा करून छापून घेऊन उशाशी लावून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला बोट ठेवून दाखवत होती, हे आम्ही.

मग अजमानची भेट ठरली. रविवारी आम्ही साहेबाला घेऊन निघालो. आमच्या गाडीत तो पुढच्या सीटवर गुडघे कानाशी घेऊन बसला होता. शारजात नेहमीप्रमाणे तासभर अडकलो. त्याला वाटलं काहीतरी अपघात झालाय. नवरा म्हणाला, नाही हो, हे असंच असतं, तुमचे भाऊबंद रोज यातून येतात. ते ऐकल्यावर त्याने ट्रॅफिकबद्दल एक शब्द काढला नाही.

खोलीत सहा जण आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून उभे होते. सहाही जणांनी त्याला खालून वर बघितलं. "उंची आमच्यात नाही," सगळ्यांत वयस्कर होते ते म्हणाले. हे दादांचे चुलतभाऊ, सुतारकाम करणारे, खोलीत सगळे त्यांना भाई म्हणायचे. "पण कान बघा. कान आबांचेच आहेत." लगेच सगळे त्याचे कान बघायला लागले. साहेब बिचारा वाकून उभा राहिला.

मग भाईंनी गादीखालून दोन प्रतींतला एक कागद काढला. गावातल्या एका निवृत्त तलाठ्याने मजकूर करून पाठवलेला आणि इथे छापून घेतलेला. शीर्षक, हक्कसोडपत्र. मी, परागंदा शाखेतला अमुक, राहणार अमेरिका, हल्ली मुक्काम दुबई, गावच्या जमिनीत, आंब्याच्या कलमांत आणि विहिरीच्या पाण्यात माझा कोणताही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही.

मला एवढी लाज वाटली म्हणून सांगू! जेवायला बोलावलेल्या पाहुण्याच्या हातात हे? मी भाईंवर चिडलेच. "अहो, तीनशे वर्षांनी माणूस घरी आलाय, पाणी तरी विचारा आधी!"

"ताई, पाणी देणारच," भाई म्हणाले. "पण आधी सही. एकदा पाणी दिलं की विहिरीत हक्क येतो."

साहेबाने विचारलं, काय लिहिलंय? खोटं सांगावंसं वाटत होतं, पण सहाही जण माझ्या तोंडाकडे बघत होते. सांगितलं. आणि तो माणूस, तुम्हांला खरं नाही वाटणार, हसायला लागला. मग डोळे पुसले. म्हणाला, "आमच्या घराण्यात सोडून द्यायला काही असलेला मी पहिलाच." दोन्ही प्रतींवर सही केली आणि एक आईसाठी मागून घेतली.

खलास! त्या सहीनंतर खोलीचं वातावरणच बदललं. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. साहेबाने सोलकढीचे चार ग्लास रिचवले. मधेच आबांचा व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर अर्धं डोकं आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं. आबांना थोडं कमी ऐकू यायचं, पण आवाज खणखणीत.

"सगळे बरे आहेत ना तिकडे?" जणू दोनेक वर्षांत भेट नव्हती.

मी भाषांतर केलं. साहेब म्हणाला, बरे आहेत. आई आहे फक्त.

"मग एक कार्ड टाकायला काय झालं होतं?" आबा कडाडले. "इथे माणसं वाट बघून बघून गेली. दोन ओळी लिहायला हात मोडले होते?"

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. साहेब उभा राहिला. फोनसमोर मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली. आम्ही लिहायला हवं होतं."

"बरं बरं," आबा म्हणाले. "आईला जप." आणि फोन भलत्याच बटणाने बंद केला.

ते पाच-सहा आठवडे साहेब नुसता हवेत होता. दर रविवारी अजमानला. कुणाच्या मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म इंग्रजीत भर, कुणाला पत्र लिहून दे. भाईंनी त्याला मांडी घालायला शिकवली. मांडीतून उठायला मात्र दोघांना हात द्यावा लागायचा. मी ऑफिसात अशी मिरवत होते की बस.

आणि मग वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. त्या कागद शोधणाऱ्या बाईंचं उत्तर आलं होतं. बाई सावकाश शोधत असल्या तरी पक्कं शोधत होत्या. जन्माच्या नोंदी, मृत्युपत्रं, सगळं जोडून त्यांनी लिहिलं होतं की साहेबाचं घराणं त्या कागदावरच्या आडनावाचंच आहे, यात शंका नाही. फक्त ते आडनाव पळालेल्या माणसाचं नव्हतं. ते त्याच्या मालकाचं होतं. 'अमुककर, ईस्ट इंडिया मॅन' असं मी वाचलं होतं, कारण आपल्याकडे सगळ्या याद्यांत आधी माणसाचं नाव आणि मग तो कोण ते लिहितात. खरं म्हणजे ते होतं, अमुककर यांचा ईस्ट इंडिया मॅन. त्यांचा माणूस. त्याचं स्वतःचं नाव कागदावर नव्हतंच. दावा जिंकून तो गेला, कुठे गेला ते कळत नाही. गाव तर कुठेच लिहिलेलं नाही.

'कर'चा पुरावा गेला. तांब्या घेऊन पळाला तो यांचा नव्हे. यांच्या घरचा तांब्या नेला होता!

"बुधवारी आईचा वाढदिवस आहे," साहेब म्हणाला. "मी तिला काय सांगू? आपण तो माणूस नाही, त्याला सात वर्षांनंतरही न सोडणारे ते आपण? तिने भिंतीवर लावलाय तो फोटो." "आणि अजमानला काय सांगू?"

मला इतका राग आला स्वतःचा. हे सगळं माझ्या एका 'कर'ने केलं होतं. एका म्हाताऱ्या बाईला खोटं गाव दिलं, सहा कष्टकरी माणसांना खोटा भाऊ दिला. मी म्हटलं, "आधी अजमानला मी सांगते. चूक माझी आहे."

मी फोन हातात घेतला आणि तो हातातच वाजला. दादा होते.

"ताई," आवाज बसलेला. "आबा गेले. काल रात्री झोपेतच."

दादा पुढे म्हणाले, "साहेबांना कळवा तेवढं. सुतक आलं म्हणावं. दाढी करायची नाही, गोड खायचं नाही, देवाला हात लावायचा नाही. तुम्ही नीट समजावून सांगा त्यांना."

काय समजावणार, कपाळ! समोर मालकाचा वंशज बसलेला आणि त्याला सुतक आलं म्हणे. तरी सांगितलं. साहेबाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "फोनवर नको. रविवारी जाऊन समोर बसून सांगू. मीच सांगीन. तू फक्त भाषांतर कर." त्या दोन दिवसांत त्याने दाढी केली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "खरं सांगेपर्यंत तरी."

रविवारी दुपारी खोलीत सहा जण खाली सतरंजीवर बसले होते, दाढ्या वाढलेल्या. सुतक किती दिवसांचं यावर वाद चालू होता. एकाचं म्हणणं, सात पिढ्यांपलीकडे तीनच दिवस. दुसरा म्हणत होता, अमेरिकेवाल्यांना तर नुसती आंघोळ पुरे, समुद्र ओलांडलाय त्यांनी. भाई म्हणाले, भावकी ती भावकी, तेरावं होईपर्यंत पाळायचं.

साहेब मांडी घालून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. 'त्याला आमच्या लोकांनी डांबून ठेवलं होतं' हेही गाळलं नाही. शेवटी माझी चूकही सांगितली. आडनाव मी उलटं वाचलं, म्हटलं. माफ करा.

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"म्हणजे," भाई हळूहळू म्हणाले, "तो पळालेला आमचा की नाही ते माहीत नाही."

"नाही."

"आणि हे तर नाहीतच."

"नाहीत."

भाईंनी दादांकडे बघितलं. दादांनी मोबाइल काढून साहेबाच्या हातात दिला. गावाहून आलेला फोटो होता. तीच वंशावळ. पण पाचव्या भावाखाली, 'परागंदा'च्या पुढे, निळ्या बॉलपेनने एक नवीन रेघ ओढली होती. थरथरत्या हाताची, वाकडी. रेघेच्या टोकाला साहेबाचं नाव आणि त्याच्या शेजारी लिहिलं होतं, 'आई हयात'.

"त्या कॉलच्या दुसऱ्या दिवशीच लिहिलं आबांनी," दादा म्हणाले. "ट्रंक उघडली तेव्हा सापडलं."

"आता ते खोडणार कोण?" भाई म्हणाले. "मी तर नाही खोडणार. ताई, त्यांना सांगा, हक्क तर सोडलाच आहे त्यांनी, मग भांडण कशाचं? सुतक पाळायचं आणि गप्प बसायचं."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. गाडी घेऊन आलेल्या नवऱ्याने केलं भाषांतर, तेही अर्धं हिंदीत. साहेबाने मोबाइल दादांना परत दिला. मग म्हणाला, "आईला आत्ताच सांगतो. सगळं. तुमच्यासमोर."

तिकडे सकाळ होती. पडद्यावर पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली बारकी बाई आणि मागे भिंतीवर तो फोटो. साहेबाने तिला तेच सगळं सांगितलं, तोच कागद, तोच मालक. आपण तो पळालेला माणूस नव्हतो, आई, तो म्हणाला. मग आबांचं सांगितलं आणि निळ्या रेघेचंही.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे ते गेले," ती म्हणाली, "आणि त्या लोकांनी आपल्याला कळवलं?"

"हो, आई."

"मला कुणी गेल्याचा फोन येऊन सहा वर्षं झाली. ज्यांचा यायचा ते सगळे संपले. मला वाटलं, आता कळवण्यासारखं आपलं कुणी उरलंच नाही."

दादांनी मला कोपराने ढोसलं, काय म्हणाली? मी सांगितलं. दादांनी खाली बघून नाक ओढलं.

"मग आपण काय करायचं असतं?" बाईंनी विचारलं. "माझा बुधवारी केक ठरलाय."

साहेबाने माझ्याकडे बघितलं, मी भाईंकडे. भाई मोबाइलच्या अगदी जवळ गेले आणि बोटांवर दिवस मोजत तिलाच मराठीत सांगायला लागले, मोठ्याने, आबांशी बोलायचे तसे.

"बुधवारी नको, आजी. गुरुवारचा पहिला दिवस धरला तर तेरावा त्या बुधवारनंतरच्या मंगळवारी येतो. त्या दिवशी सकाळी डोक्यावरून आंघोळ करायची. मग खा केक."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तिने पेन शोधलं, कागद शोधला आणि मंगळवार, आंघोळ, मग केक, असं सगळं नीट लिहून घेतलं.